शिल्लक आपली आपण पाहावी

तुमच्या बँकेच्या खात्यात आज किती रुपये आहेत, हे कोणालाही न विचारता तुम्हाला सांगता येईल काय?

हा प्रश्न मी गावोगावच्या बैठकांत विचारतो. शेती खात्याच्या नोकरीत तीस वर्षे होत आली. बैठक खताची असो की खोडकिडीची, शेवटी चहा येईपर्यंत हा प्रश्न मी टाकतोच. तरुण मंडळी लगेच खिशातला मोबाईल काढतात. साठी उलटलेले बहुतेक जण मात्र शेजारी बसलेल्या मुलाकडे नाहीतर नातवाकडे बघतात. पासबुक कपाटात असते, ते दिवाळीनंतर भरून आणलेले नसते. कार्ड मुलाच्या पाकिटात असते. बायाबापड्यांचे तर विचारूच नका. "ते सगळं ह्यांना ठाऊक," म्हणून त्या पदर सावरतात. आणि "हे" नसले म्हणजे?

आजचा लेख त्यासाठी आहे. मोबाईलवरून बँकेचा व्यवहार म्हातारपणी कसा सुरू करावा, हे मी सांगणार आहे. मी बँकेचा माणूस नव्हे. दापोलीहून बी.एस्सी. ॲग्री करून नोकरीला लागलो तो भात, भेंडी आणि वाल ह्यांच्यातच राहिलो. पण नवी गोष्ट जुन्या माणसाच्या गळी कशी उतरवावी, हाच आमचा धंदा. शिवाय ह्या बाबतीत माझ्या घरीच एक विद्यार्थीण होती, तिच्यापासून मी बरेच शिकलो.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय गरज? पिकले तर खातो, उरले तर विकतो, रोखीने घेतो, रोखीने देतो. खरे आहे. पण सरकारकडून येणारा पैसा आता हातात कोणी देत नाही. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांनी, २०१९ पासून थेट खात्यात येतात. २०२३ पासून राज्याची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना त्याच्या जोडीला आली. अवजाराचे अनुदान, पीक विम्याची भरपाई, विधवेचे वेतन, सगळे खात्यात. आपल्या नकळत पैसा येतो आणि जपले नाही तर आपल्या नकळत जातोही.

मी राहतो उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. मूळ गाव मुरबाडकडचे. नोकरीमुळे आणि मुलांच्या शाळेमुळे इथे घर केले. नेहरू चौकातून जपानी बाजाराकडे निघालात की कापडाच्या दुकानांची रांग लागते, आणि प्रत्येक गल्ल्यापाशी तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला दिसतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. दहा रुपयांची कोथिंबीर घ्या, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधा. मोबाईल त्या चौकोनासमोर धरायचा, आकडा टाकायचा, की दुकानातला डबा ओरडून सांगतो की इतके रुपये मिळाले. मुरबाडच्या एसटीने शहाडला उतरून इथे भेंडी-काकडी विकायला येणारी आपली माणसेसुद्धा आता टोपलीला हा चौकोन बांधून बसतात.

ही व्यवस्था वाटते तितकी जुनी नाही. युपीआय म्हणतात ती पद्धत ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, माणसे रांगांत उभी राहिली, आणि ३० डिसेंबरला भीम नावाचे सरकारी ॲप आले. आपल्याआधी आफ्रिकेतल्या केनिया देशात २००७ साली साध्या मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय झाली होती, आणि तिथली खेड्यातली माणसे ती सर्रास वापरू लागली. तेव्हा हे शहरी, शिकलेल्या लोकांचे खूळ आहे अशी समजूत असेल तर ती काढून टाका.

आमच्या गल्लीत एक वृद्ध सिंधी कापडवाले आहेत. वय ऐंशीच्या पुढे. हे गाव म्हणजे फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत आणून उतरवलेल्या सिंधी निर्वासितांचे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि उल्हास नदीवरून नाव पडले उल्हासनगर. म्हणून अजून पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प दोन असे सांगतात. तर हे कापडवाले शिकारपूरच्या घराण्यातले. सिंधमधल्या त्या शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या एके काळी बुखारा, समरकंदपर्यंत वटत असत. मी एकदा त्यांना विचारले, "शेठ, ह्या वयात हे मोबाईलचे कसे जमवले?" ते म्हणाले, त्यात नवे काय आहे? हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीवर पैसे भरायचे आणि चिठ्ठी घेऊन दुसऱ्या गावच्या पेढीवर उचलायचे. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत. शाहजोग हुंडी तर नावाजलेल्या पतवान माणसालाच देत, रस्त्यात चोराने पळवली तरी त्याच्या उपयोगाची नसे. शिवाय हुंडी निघाल्याचे पत्र पेढीला वेगळे जायचे. आणि मग त्यांनी मला त्यांचा नेम सांगितला: मोबाईलवर आधी नाव वाचतात, मग आकडा वाचतात, मग पुन्हा नाव वाचतात. त्यांचे आजोबा हुंडीवरची सही अशीच दोनदा बघत, असे त्यांनी ऐकले आहे.

आपल्याकडेही हा व्यवहार काही परका नव्हता. आमचे वडील १९८२ च्या संपापर्यंत मुंबईला गिरणीत होते. महिन्याची मनीऑर्डर गावी येई. आजीला अक्षरओळख नव्हती. पोस्टमन ओटीवर बसून फॉर्मच्या तळाचा मजकूर वाचून दाखवी, शाईच्या पॅडवर आजीचा डाव्या हाताचा अंगठा टेकवी, शेजारचा कोणी साक्षीदार म्हणून सही करी, आणि मग नोटा मोजल्या जात. पोस्टमन भला माणूस होता. पण वडिलांनी किती पाठवले आणि आजीच्या हाती किती आले, हे आजीला दुसऱ्याच्या तोंडूनच कळत असे. मला आठवते, ती नोटा पदरात घेऊन पुन्हा एकदा विचारी, "एवढेच लिहिलेत ना रे?"

असो. आता माझ्या विद्यार्थिनीकडे येतो. ती म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी. वय ६७. आमचे दादा तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगी नाशिकला दिलेली. गावी घर, पावणेदोन एकर भाताची जमीन आणि थोडी भेंडी. जमीन त्यांच्या बहिणीचा मुलगा बघतो. गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदू काढायला त्या आमच्याकडे कॅम्प दोनला आल्या आणि दोन्ही डोळ्यांचे होईपर्यंत महिना-दीड महिना राहिल्या. ही हकीगत मी त्यांना विचारून लिहितो आहे. "नाव घालू नका म्हणजे झालं," एवढेच त्या म्हणाल्या.

डोळ्याची पट्टी निघाली आणि त्यांना प्रथम काय वाचावेसे वाटले असेल? त्यांनी पिशवीतून पासबुक काढले. ते दादा होते तेव्हाचे भरलेले होते. "भाऊजी, पुढचं काय झालं ते दिसतं का कुठं?" माझ्या मिसेसने त्यांच्या हाती मोबाईल दिला, आणि तिथून आमची शाळा सुरू झाली.

पहिलीच अडचण अशी निघाली, जी तुमच्यापैकी कित्येकांची असेल. वहिनींच्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर दादांचा होता. तो फोन दादांच्या माघारी बहिणीच्या मुलाकडे होता. म्हणजे वहिनींच्या खात्यात पैसे आल्या-गेल्याचे सगळे संदेश त्याच्या खिशात वाजत होते. कार्डही त्याच्याचपाशी. तो काही परका नव्हे. खत आणायचे, ट्रॅक्टरवाल्याला द्यायचे, म्हणून वहिनींनीच दिलेले.

तेव्हा बंधू-भगिनींनो, ॲप-बिप सगळे नंतर. पहिले काम हे: बँकेत जाऊन आपल्या खात्याला कोणता मोबाईल नंबर जोडला आहे ते विचारा. तो आपला स्वतःचा, आपल्या नावाच्या सिमचा, आपल्या हातातल्या फोनचा असला पाहिजे. नसेल तर आधार कार्ड घेऊन शाखेत अर्ज करा. स्वतः जावे लागते. आम्ही वहिनींना घेऊन एक दिवस मुरबाडला गेलो, अर्ज दिला, दोन दिवसांनी त्यांच्या फोनवर नंबर बदलल्याचा संदेश आला. आधारलाही तोच नंबर जोडलेला असावा. आणि त्या सिममध्ये पैसे भरत राहा. बरेच दिवस वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करते आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला देते. मग तुमच्या खात्याचे संदेश त्याला जाऊ लागतात. खात्यावर वारस नेमलेला आहे का, तेही त्याच खेपेत विचारून घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नेमता येतात.

दुसरे काम ॲपचे. आपल्या बँकेचे स्वतःचे ॲप असते, नाहीतर भीम आहे. ते फोनमधल्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे, म्हणजे ज्याला प्ले स्टोअर म्हणतात तिथून. शक्य तर शाखेतल्या माणसासमोरच उतरवून घ्यावे. ॲपची भाषा मराठी करता येते आणि अक्षरे मोठी करता येतात. हे दोन बदल आधी करा, अर्धी भीती तिथेच जाते. ॲप तुमच्या सिमवरून आपोआप एक संदेश बँकेला पाठवते आणि हा फोन ह्याच खातेदाराचा, अशी खूणगाठ बांधते. मग कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत टाकून, किंवा बँकेची सोय असेल तर आधारवरून, चार किंवा सहा आकड्यांचा गुप्त पिन तयार करायचा. हा पिन म्हणजे तिजोरीची किल्ली. जन्मसाल नको, घर नंबर नको, एक-दोन-तीन-चार नको. बहुतेक बँका पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांवर पाठवू देत नाहीत. ती अडचण समजू नका, ते आपल्याच भल्याचे आहे.

ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे त्यांनीही निराश होऊ नये. स्टार नव्व्याण्णव हॅश दाबले की इंटरनेट नसतानाही शिल्लक बघता येते आणि पैसे पाठवता येतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी युपीआय वन टू थ्री पे नावाची आणखी एक सोय सुरू करून दिली. त्यात फोनवर ऐकून, आकडे दाबून व्यवहार होतो.

आता पिनबद्दल जे सांगतो ते चुलीवर खडूने लिहून ठेवण्यासारखे आहे. पिन दोनच वेळा लागतो: पैसे देताना आणि शिल्लक बघताना. पैसे घेताना पिन लागत नाही. कधीही नाही. "काका, तुमचा हप्ता अडकलाय, पिन टाका म्हणजे जमा होईल," असे जो म्हणेल तो चोर. वहिनींना मी हे तीनदा सांगितले, चौथ्यांदा सांगू लागलो तर म्हणाल्या, "बाजारात पैसे घेताना आपण आपला कनवटीचा बटवा सोडतो का? मग झालं." माझ्या तीन वेळच्या व्याख्यानापेक्षा हे बरे होते.

आम्ही शेतकऱ्याला नवे वाण देतो तेव्हा काय सांगतो? पहिल्या वर्षी सगळ्या खाचरांत लावू नका. एका गुंठ्यात लावा, बघा, मग वाढवा. इथेही तेच. पहिले आठ दिवस वहिनींना मी कोणाला एक रुपयाही पाठवू दिला नाही. रोज सकाळी चहा झाला की फक्त शिल्लक बघायची आणि वहीत तारीख घालून लिहायची. बघायची सवय झाली की बोट थरथरत नाही.

आणि ह्या बघण्यातच जे व्हायचे ते झाले. चौथ्या की पाचव्या दिवशी मी त्यांना मागच्या व्यवहारांची यादी कशी उघडायची ते दाखवले. त्या चष्मा लावून वर सरकवत वाचत बसल्या. बराच वेळ झाला. चहा निवला. शिल्लक त्यांना वाटत होती त्याच्या निम्म्याहून कमी होती. पीएम किसानचा हप्ता आला की दोन-चार दिवसांत कोणी तरी एटीएममधून रक्कम काढलेली. काही रकमा खताच्या, नांगरटीच्या होत्या, हे त्यांनीच महिने आठवून जुळवले. काहींचे कारण जुळेना. त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस घरात जेवढ्यास तेवढे बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी मी कचेरीत निघालो तर दाराशी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, हे कोणापाशी बोलू नका. ते कार्ड तेवढं बंद करता येतं का?"

येते. ॲपमधूनच येते, दोन मिनिटांत. त्यांनी स्वतःच्या बोटाने केले.

पुढल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, कार्ड चालंना गं." वहिनी स्वयंपाकघरात होत्या, मी बाहेर ऐकत होतो. त्या म्हणाल्या, "नाही चालायचं. तुला किती लागतात ते सांग आन कशाला ते सांग. मी इथून धाडते." पलीकडे बराच वेळ काही बोलणे नव्हते. मग त्याने भेंडीच्या औषधाचे आठशे रुपये सांगितले. वहिनींनी नाव वाचले, आकडा वाचला, पिन टाकला. कॅम्प दोनच्या ओट्यावरून आठशे रुपये मुरबाडकडे गेले. तो मुलगा अजूनही जमीन बघतो, वहिनी अजूनही त्याला सणाला जेवायला बोलावतात. पण हिशेब आता वहीत असतो, आणि वही वहिनींपाशी असते. मला विचाराल तर घरात भांडण न होता जे झाले ते चांगले झाले. आमच्या मिसेसचे मत वेगळे आहे, तिच्या मते त्याला जुन्या रकमांचा जाब विचारायला हवा होता. वाचकांनी आपापले ठरवावे.

ह्यानंतर मी वहिनींना आणखी एक गोष्ट करायला लावली, ती तुम्हीही करा असा माझा आग्रह आहे. त्यांनी दुसरे एक बचत खाते उघडले. मोबाईलला जोडलेले खाते ते. त्यात तीन-चार हजारांच्या वर ठेवायचे नाही. मोठी रक्कम जुन्या खात्यात; त्या खात्याला युपीआय जोडायचेच नाही, फक्त संदेश येतील आणि शाखेत जाऊन व्यवहार होतील. बाजाराला जाताना आपण सगळी पेटी थोडीच डोक्यावर घेतो? खिशात लागेल तेवढे घेतो. चोराने खिसा कापला तरी पेटी घरी शाबूत. शिवाय ॲपमध्ये दिवसाची मर्यादा कमी करता येते. साधारणपणे युपीआयने दिवसाला एक लाखापर्यंत पाठवता येतात. म्हाताऱ्या माणसाला रोज एक लाख कशाला पाठवायचे असतात? दोन हजार करून ठेवा.

पैसे चुकीच्या माणसाला गेले तर ते परत आणणे फार जिकिरीचे आहे. म्हणून नवीन माणसाला आधी एक रुपया पाठवावा, त्याला मिळाला का विचारावे, मग बाकीचे. कधी कधी पैसे आपल्या खात्यातून वजा होतात आणि समोरच्याला मिळत नाहीत. अशा वेळी घाबरून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नये. माणसाने माणसाला पाठवलेले असे अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत परत आले पाहिजेत. पुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ सालचा नियम आहे. नियम ठाऊक असला की शाखेत आवाज निघतो.

माल विकणाऱ्यांसाठी दोन शब्द. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून "हे बघा, गेले पैसे" म्हणते. त्याच्या मोबाईलवर विश्वास ठेवू नका. खोटे चित्र दाखवणारे असतात. आपल्या फोनवर संदेश आला किंवा आपल्या डब्याने बोलून दाखवले, तरच माल द्यावा. आणि टोपलीला बांधलेला चौकोन अधूनमधून स्वतःच्या फोनने तपासा. त्याच्यावर आपला चौकोन चिकटवून जाणारे लबाडही आहेत. दिवसभर तुम्ही भेंडी विकायची आणि पैसे त्याला.

आता कीड-रोगांकडे येतो. हा विषय माझ्या हातखंड्याचा. पिकाप्रमाणे इथेही हंगामानुसार नवी कीड येते. पीएम किसानच्या हप्त्याच्या सुमारास व्हॉट्सॲपवर एक फाईल फिरते. नाव पीएम किसानचे, शेवटी एपीके अशी अक्षरे. ती दाबली की चोराचे ॲप तुमच्या फोनात उतरते आणि तुमचे संदेश त्याला दिसू लागतात. सरकार अशी फाईल कोणाला धाडत नाही. कोणी वीजबिल थकल्याचे सांगून फोन करतो. कोणी "तुमच्या फोनची स्क्रीन मला दाखवा, मी दुरुस्त करतो" म्हणतो. कोणी पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओवर येतो आणि तुम्हाला "डिजिटल अटक" झाली असे सांगतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. पोलीस फोनवरून अटक करीत नाहीत आणि सुटकेचे पैसे खात्यात मागत नाहीत. एकमेकांकडे पैशाची मागणी पाठवण्याची जी सोय ॲपमध्ये होती, ती तर ह्याच लबाडीमुळे ऑक्टोबर २०२५ पासून बंद करावी लागली.

ह्या सगळ्या किडींवर एकच फवारणी: फोन ठेवून द्या. उद्धटपणा होईल असे वाटू देऊ नका. आपली जुनी माणसे फोन करणाऱ्यालाही पाहुण्यासारखे वागवतात, आणि चोराला नेमके तेच हवे असते. बँकेचे खरेच काम असेल तर आपण उद्या शाखेत जाऊ.

तरीही पैसे गेलेच तर रडत बसू नका आणि लाजेपोटी लपवू तर मुळीच नका. १९३० हा सरकारी नंबर तत्काळ लावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून पहिला तासभर मोलाचा. त्याचबरोबर बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेला नियम असा की आपला हलगर्जीपणा नसताना तिऱ्हाइताने लबाडी केली आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत आपण कळवले, तर नुकसान आपल्या माथी येत नाही. मात्र आपणच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर कळवेपर्यंत गेलेले पैसे आपलेच गेले. म्हणून कळवण्यात रात्र घालवू नये.

अंगठ्याचेही सांगितले पाहिजे, कारण खेड्यात मोबाईलपेक्षा अंगठाच जास्त चालतो. सेवा केंद्रात यंत्रावर आधारचा अंगठा लावून पैसे काढता येतात. सोय मोठी आहे, विशेषतः ज्यांना शाखा लांब आहे त्यांना. पण अंगठा टेकवण्याआधी पडद्यावरचा आकडा वाचून घ्या, येत नसेल तर सोबतच्या पोराकडून वाचून घ्या, आणि पावती घेतल्यावाचून उठू नका. "लागला नाही, परत लावा" असे दोन-तीनदा झाले तर खात्यावर किती वेळा वजा झाले ते तिथेच बघा. आधारच्या ॲपमधून अंगठ्याला कुलूपही लावता येते. मात्र रेशन दुकानातही अंगठा लागतो, तेव्हा कुलूप लावाल तर ते उघडायचे कसे तेही शिकून घ्या.

वहिनी आता गावी आहेत. महिन्याकाठी एखादा फोन येतो, बहुधा ॲपने काही नवीन विचारले म्हणून. मागच्या खेपेला त्यांनी सांगितले की वाडीतल्या दोघी जावांचे नंबर त्यांनी बँकेत नेऊन बदलून आणले. एकीचा नवरा रागावला आहे म्हणे.

एक सांगायचे राहिले. रोख अगदीच सोडू नका. आमच्या भागात पावसाळ्यात वीज जाते, मग टॉवर बंद पडतो आणि मोबाईल नुसता बॅटरी होऊन बसतो. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचे पाणी असे चढले की महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारावर प्रवासी होड्यांनी काढावे लागले. अशा दिवशी किराणावाला चौकोन दाखवून काय करील? दोन-चार दिवसांचा खर्च, शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटांत, घरात असावा. वहिनींचे हे पैसे वालाच्या डब्यात असतात. वालाचे डबे त्यांच्याकडे तीन आहेत, आणि त्यातला कोणता ते त्यांनी मलाही सांगितलेले नाही.